मुलाच्या रिफ्लक्स ऑपरेशनआधी सर्जनशी काय बोलायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डॉक्टरने नाही, एका पालकाने लिहिलं आहे. ज्यांच्या मुलांना "सर्जनना दाखवून घ्या" असं सांगितलं गेलंय, असे आईबाबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्या मुलाचं ऑपरेशन करावं की नाही हे इथे मिळणार नाही. ते ठरवणाऱ्या माणसासमोर बसताना काय हातात असावं आणि काय विचारावं, एवढ्यासाठी हे पान आहे.

१. रिफ्लक्स म्हणजे नक्की काय? बाळं दूध काढतातच ना?

काढतातच. अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात तिथला स्नायू बाळात अजून घट्ट आवळत नाही, बाळ दिवसभर आडवं असतं आणि आहार सगळा पातळ. त्यामुळे दूध वर येतं, यालाच रिफ्लक्स म्हणतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वांत जास्त दिसतं आणि बहुतेक बाळांचं एक ते दीड वर्षापर्यंत आपोआप थांबतं. बाळ दूध टाकतं पण हसतं-खेळतं, वजन नीट वाढतंय, तर तो आजार नाही. त्याला औषधही लागत नाही.

वर येणाऱ्या त्या दुधाने किंवा आम्लाने मुलाचं नुकसान होऊ लागलं की तो आजार होतो. वजन अडतं, अन्ननलिकेला जखमा होतात, उलटीत रक्त दिसतं, दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होत राहतो.

दोन गोष्टी मात्र रिफ्लक्स समजून घरी थांबायच्या नाहीत. उलटी हिरवी असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. आणि साधारण दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर जोरात, लांब फेकल्यासारखी उलटी करत असेल तर जठराचं खालचं तोंड जाड झालेलं असू शकतं. या दोन्हींची ऑपरेशनं वेगळी आहेत.

२. आमच्या मुलाचा रिफ्लक्स मूत्रपिंडाचा आहे. हे पान आम्हाला उपयोगी आहे का?

नाही. लघवी मूत्राशयातून उलट मूत्रपिंडाकडे जाते त्यालाही रिफ्लक्सच म्हणतात, पण त्याच्या तपासण्या, औषधं आणि ऑपरेशन सगळं निराळं. प्रश्न ७, १० आणि १९ मधली तयारी मात्र तुम्हालाही चालेल.

३. ऑपरेशनचा विचार कधी करतात?

औषधांचा नीट प्रयत्न झाल्यावर. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ऑपरेशनचा विचार ढोबळमानाने चार प्रकारच्या मुलांसाठी सुचवला आहे. रिफ्लक्समुळे जिवावर बेतण्यासारखा त्रास झालेली मुलं. पूर्ण उपचार करूनही लक्षणं न थांबलेली मुलं. मेंदूच्या किंवा फुप्फुसाच्या अशा जुन्या आजाराची मुलं, ज्यांना रिफ्लक्सचा धोका मोठा असतो. आणि ज्यांना आयुष्यभर औषधावरच राहावं लागेल अशी मुलं.

माझं कळकळीचं सांगणं असं की सर्जनकडे जाण्याआधी घरी बसून एक वाक्य लिहा : "आमच्या मुलाचा अमुक त्रास थांबावा म्हणून आम्ही इथे आलो आहोत." "रिफ्लक्स थांबावा" असं लिहू नका. सहा महिन्यांत तीनदा न्यूमोनिया होऊन ॲडमिट करावं लागलं, हा त्रास झाला. जेवताना रडतं आणि वजन अडलंय, हाही त्रास झाला. कारण सर्जनना विचारायचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे की हा त्रास खरोखर रिफ्लक्समुळेच होतोय, हे कशावरून? ऑपरेशन उत्तम झालं तरी ते फक्त रिफ्लक्स थांबवतं. त्रासाचं कारण दुसरंच निघालं तर मूल ऑपरेशन सोसेल आणि त्रास तिथल्या तिथेच राहील.

४. या ऑपरेशनमध्ये करतात तरी काय?

याचं नाव फंडोप्लिकेशन. गळ्याभोवती मफलर घ्यावा तसा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाक्यांनी पक्का करतात. जठर भरलं की हा वेढा अन्ननलिकेला आवळतो आणि अन्न वर येत नाही. अन्ननलिका पोटात उतरते ते भोक सैल असेल तर तेही टाके घालून आवळतात. रुडॉल्फ निसेन या जर्मन सर्जननी १९५६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून पूर्ण वेढ्याला 'निसेन' म्हणतात. अर्धवट वेढेही असतात. मागून घेतलेल्याला 'टूपे' आणि पुढून घेतलेल्याला 'थाल' किंवा 'डॉर' म्हणतात. पूर्ण वेढा घट्ट असतो, पण गिळायला अडचण आणि पोटात गॅस कोंडणं त्यात जास्त. तुमच्या मुलाला कोणता आणि का, हे विचारा.

५. इतक्या तपासण्या सांगितल्यात. सगळ्या लागतात का? कुठली काय सांगते?

सगळ्या मुलांना सगळ्या लागत नाहीत. पण प्रत्येक तपासणी एका ठराविक प्रश्नाचं उत्तर देते आणि गोंधळ होतो तो इथेच.

बेरियमचा एक्स-रे, म्हणजे बेरियमचं पांढरं पातळ औषध पाजून काढलेला, रचना दाखवतो. आतडं नीट वळलेलं आहे का, जठर छातीत सरकलंय का, कुठे अरुंद आहे का. ऑपरेशनआधी ही माहिती फार मोलाची आहे. पण त्या काही मिनिटांत बेरियम वर आलं म्हणून रिफ्लक्सचा आजार ठरत नाही, आणि नाही आलं म्हणून आजार नाही असंही नाही.

मिल्क स्कॅन आपल्याकडे पुष्कळ सांगतात. दुधात अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ घालून पाजतात आणि कॅमेऱ्याखाली ठेवतात. जठर किती वेगाने रिकामं होतं ते यातून कळतं, दूध फुप्फुसात गेलेलं कधीकधी दिसतं. मात्र केवळ मिल्क स्कॅनवर आजाराचं निदान करू नये असं वरच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. "मिल्क स्कॅन पॉझिटिव्ह आला, ऑपरेशन करू" एवढंच कोणी म्हणालं तर थांबून पुढचं विचारा.

पीएच-इम्पीडन्स तपासणीत नाकातून बारीक तार अन्ननलिकेत ठेवतात आणि साधारण २४ तास नोंद घेतात. आम्ल किती वेळा वर आलं, आणि खोकला, रडणं किंवा श्वास अडकणं त्याच वेळी झालं का, हे यात जुळवून पाहता येतं. प्रश्न ३ मधल्या "कशावरून?"चं सर्वांत जवळचं उत्तर इथे मिळतं. त्या २४ तासांत शेजारी बसून प्रत्येक लक्षणाची वेळ तुम्हालाच लिहायची असते. ती मनापासून लिहा, तुमच्या नोंदीवर सगळं उभं आहे. तपासणी औषध बंद करून करायची की चालू ठेवून, हे आधी विचारून घ्या.

एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालून, अन्ननलिकेच्या जखमा दिसतात आणि तुकडा काढून तपासता येतो. ॲलर्जीमुळे होणारी अन्ननलिकेची एक सूज रिफ्लक्ससारखीच वागते आणि ती तुकड्याशिवाय ओळखू येत नाही. तिला हे ऑपरेशन नको असतं.

६. औषधं दिली, फरक पडला नाही. म्हणजे आता ऑपरेशनच ना?

आधी पाहा की औषध खरंच पूर्ण मिळालं का. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल किंवा इसोमेप्राझोल वजनाच्या हिशेबाने द्यायची असतात. मूल पाच किलोचं असताना लिहिलेला डोस आठ किलोला तसाच चालू असलेला मी बऱ्याच पालकांच्या फाईलमध्ये पाहिला आहे. ही औषधं खाण्याच्या सुमारे अर्धा तास आधी द्यायची असतात, आणि चार ते आठ आठवडे दिल्याशिवाय निकाल लावता येत नाही.

बाळाला गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर चित्र हुबेहूब रिफ्लक्सचंच दिसतं. दोन ते चार आठवडे बाळाचं वरचं दूध बदलून, किंवा आईने दूध, दही, पनीर बंद करून पाहिलं का? हे बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करा, आईचं खाणं परस्पर कमी करू नका. राहून गेलं असेल तर सर्जनना तसं सांगा.

आणखी एक. ही औषधं आम्ल कमी करतात, अन्न वर येणं थांबवत नाहीत. जळजळ आणि जखमा यांना ती लागू पडतात. वर आलेलं दूध फुप्फुसात जात असेल तर औषध चालू असूनही ते जाऊ शकतं. तुमच्या मुलाचा मुख्य त्रास यांतला कोणता, यावर "औषध लागू पडलं नाही" याचा अर्थ बदलतो.

७. सर्जनकडे जाताना बरोबर काय न्यायचं?

वजनाची नोंद सर्वांत आधी. अंगणवाडीचं किंवा हॉस्पिटलचं माता-बाल संरक्षण कार्ड न्या. त्यातला वजनाचा आलेख कुठे सपाट झाला हे सर्जनना क्षणात दिसतं. "अंगाला लागत नाही" असं तोंडी सांगण्यापेक्षा त्याचं वजन जास्त.

मग मोबाईलमधला व्हिडिओ. उलटी, श्वास अडकणं, मान मागे टाकून अंग वाकवणं, जे होत असेल ते. काही मुलं रिफ्लक्समुळे मान आणि पाठ अशी पिळतात की घरच्यांना आकडी वाटते. खरी आकडीही असू शकते. व्हिडिओ पाहून डॉक्टरांना फरक कळायला खूप मदत होते. चेहरा आणि पूर्ण अंग दिसेल असा घ्या.

एक आठवड्याची वही : किती वाजता काय आणि किती पाजलं, उलटी कधी झाली, रंग कोणता, खोकला कधी, झोप कशी. सुंदर अक्षराची गरज नाही.

जुने एक्स-रे आणि सीडी मूळ न्या, नुसते रिपोर्ट नकोत. प्रत्येक ॲडमिशनचं डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावा. औषधांच्या बाटल्यांचे फोटो आणि प्रत्येकाचा खरा दिला जाणारा डोस लिहून ठेवा. कागदावरचा आणि घरचा डोस बऱ्याचदा वेगळा असतो. वेगळा असेल तर लपवू नका, सर्जन त्यावर रागावण्यापेक्षा त्याचा उपयोगच करून घेतील.

८. नाकात तेल घालणं, बोंडल्याने पाजणं, असं घरात चालतं ते सांगायचं का? रागावतील.

सांगायचंच, आणि सुरुवातीलाच. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडणं, गुटी किंवा तूप चाटवणं, आडव्या बाळाला बोंडल्याने घाईत पाजणं हे आपल्याकडे मायेपोटीच होतं. पण तेल श्वासातून फुप्फुसात उतरलं की एक प्रकारचा न्यूमोनिया होतो आणि तो रिफ्लक्समुळे झालेल्या न्यूमोनियासारखाच भासतो. आडवं ठेवून पाजताना दूधही थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. ही माहिती लपली तर मूल नको त्या ऑपरेशनला जाईल. आजीला दोष न देता, "आमच्याकडे असं केलं जातं, आता थांबवलं आहे" असं सांगा. आणि खरंच थांबवा.

९. सर्जनना नेमकं विचारायचं काय?

प्रश्न ३ मधलं वाक्य वाचून दाखवा आणि त्यावर त्यांचं मत घ्या. त्यानंतर हे विचारता येईल :

ऑपरेशन आता केलं नाही आणि सहा महिने थांबलो तर काय होऊ शकतं? वयाबरोबर कमी होण्याची शक्यता किती उरली आहे?

ऑपरेशनऐवजी दुसरा मार्ग आहे का? घट्ट दूध, नाकातून जठराच्या पुढे आतड्यात नळी घालून पाजणं, आणखी एखादं औषध?

माझ्या मुलासारखी, म्हणजे याच वयाची आणि याच मूळ आजाराची मुलं, तुम्ही नेहमी हाताळता का? त्यांचं पुढे कसं झालं? हा प्रश्न विचारायला पालक कचरतात. नम्रपणे विचारला तर चांगल्या सर्जनना त्यात काहीच गैर वाटत नाही.

वर्षभरानंतर ऑपरेशन यशस्वी झालं असं तुम्ही कशावरून म्हणाल? उत्तर तुमच्या वाक्याशी जुळतं का ते पाहा. तुमच्या मनात "वजन वाढेल" आणि त्यांच्या मनात "न्यूमोनिया कमी होतील" असेल, तर तो फरक ऑपरेशनआधीच बोलून मोकळा व्हायला हवा.

१०. सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. एवढं सगळं कसं विचारणार?

मुंबईत परळचं वाडिया, केईएम, शीव अशा हॉस्पिटलांत गर्दी प्रचंड असते आणि अनुभवही तेवढाच. आधी एक पान तयार करा : मुलाचं वय, वजन, मूळ आजार, तुमचं ते एक वाक्य, आणि तीनच प्रश्न. बाकीचे प्रश्न निवासी डॉक्टर, वॉर्डातल्या सिस्टर आणि भूलतज्ज्ञ यांना विचारता येतात, आणि त्यांची उत्तरं बरेचदा जास्त निवांत असतात. दोघांनी जा. एकाने मूल सांभाळायचं, दुसऱ्याने ऐकून लिहायचं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी घ्या.

उत्तर कळलं नाही तर "हे मला समजलं तसं सांगतो, बरोबर आहे का बघा" असं म्हणून स्वतःच्या शब्दांत परत सांगा. अर्ध्या मिनिटात चूक सापडते.

११. दुर्बिणीतून करावं की पोट उघडून?

दुर्बिणीतून हे ऑपरेशन १९९१ पासून होतं आहे आणि लहान मुलांसाठी आता बहुतेक मोठ्या केंद्रांत तीच पहिली पसंती असते. दुखणं कमी, घरी लवकर. पण आधी पोटाची ऑपरेशनं झालेली असतील, मूल अगदी लहान किंवा श्वासाने नाजूक असेल, तर पोट उघडून करणं जास्त सुरक्षित ठरू शकतं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच उघडावं लागलं तर ते अपयश नसतं. संमतीपत्रावर त्याचा उल्लेख असतो, तो वाचून घ्या.

१२. ऑपरेशननंतर मुलाला उलटी करता येणार नाही म्हणतात. खरं आहे?

पूर्ण वेढा असेल तर बऱ्याच मुलांना उलटी करता येत नाही किंवा फार कष्टाने होते. ढेकरही नीट येत नाही, त्यामुळे पोट फुगतं. पुढे कित्येकांचं हे सैलावतं.

याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. मुलाला जुलाब-उलट्यांची साथ लागली किंवा आतडं अडलं तर पोटातलं बाहेर पडायला वाट नसते. पोट टणक फुगलंय, मूल ओकाऱ्या काढतंय पण काही पडत नाही, चेहरा पांढरा पडलाय, असं दिसलं तर लगेच हॉस्पिटलला न्या आणि दारातच सांगा, "याचं फंडोप्लिकेशन झालं आहे." डिस्चार्ज कार्डाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत नाकातून नळी घालायची वेळ आली तर आधी तुमच्या सर्जनना फोन करायला सांगा. नव्या टाक्यांना धक्का लागू शकतो.

जीटी नळी, म्हणजे पाजण्यासाठी पोटावरून थेट जठरात बसवलेली नळी, असलेल्या मुलाचं पोट ती उघडून मोकळं करता येतं. ते कसं करायचं हे सिस्टरकडून स्वतःच्या हाताने शिकूनच घरी या.

१३. खायला काय द्यायचं?

वेढ्याच्या जागी सुरुवातीला सूज असते, त्यामुळे घास अडकतो. पहिले काही दिवस पातळ, मग दोन ते सहा आठवडे मऊ. आपलं स्वयंपाकघर यासाठी फार सोयीचं आहे : भाताची पेज, नाचणीची पेज, मऊ वरणभात, खिमट, मूगडाळीची पातळ खिचडी, कुस्करलेलं केळं. नको ते म्हणजे पाव, कोरडी भाकरी किंवा पोळीचा मोठा घास, चिवडा, मटणाचे तुकडे, सफरचंदाच्या फोडी आणि फसफसणारी पेयं. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, बसवून. स्ट्रॉ टाळा, त्यातून हवा पोटात जाते. सहा आठवड्यांनंतरही मऊ घास अडकत असेल तर "होईल सवयीने" म्हणून थांबू नका, दाखवा. कधीकधी एंडोस्कोपीने तो भाग थोडा रुंद करावा लागतो.

गोड पातळ खाल्ल्यावर मुलाला घाम सुटणं, अंग थरथरणं, गळून जाणं असं होत असेल तर जठर फार वेगाने रिकामं होत असू शकतं. खाण्यात बदल करून ते बरंच आटोक्यात येतं, पण आधी ते ओळखावं लागतं.

१४. धोके कोणते? ऑपरेशन कायम टिकतं का?

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अन्ननलिकेला किंवा जठराला इजा, भुलेचे धोके हे ऑपरेशनच्या वेळचे. त्यांचं प्रमाण कमी असतं, पण ते असतात. नंतरचे म्हणजे गिळायला अडचण, पोट फुगणं, ओकाऱ्या, वेढा सैल होणं किंवा छातीत सरकणं, आतड्याला चिकटून अडथळा. काही मुलांचा रिफ्लक्स वर्षांनंतर परत येतो, काहींना पुन्हा औषधं सुरू करावी लागतात, काहींना दुसरं ऑपरेशन. तशी शक्यता कोणत्या मुलांत जास्त, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१५. आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. जीटी नळीबरोबरच हे ऑपरेशनही सुचवलंय. दोन्ही लागतात का?

पूर्वी नळी घालायची तर बरोबर वेढाही घालायचा अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. आता प्रत्येक मुलासाठी वेगळा विचार करतात. रिफ्लक्स सौम्य असेल तर आधी फक्त नळी, मग गरज पडली तर वेढा, असाही मार्ग असतो. जठराला वगळून नळीचं टोक आतड्यात नेऊन हळूहळू पाजणं हा आणखी एक.

मेंदूच्या आजारात वेढा सैल होण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आहे. आकड्या, अंगाचा ताठरपणा, सततचा खोकला, बद्धकोष्ठता यांमुळे पोटातला दाब वाढतो आणि टाक्यांवर ताण येतो. म्हणून आकड्यांची औषधं नीट बसवणं आणि पोट साफ ठेवणं हीसुद्धा ऑपरेशनची तयारीच आहे. सर्जनना विचारा : यातून तिचा कोणता त्रास कमी होईल, आणि आम्हाला तिची देखभाल सोपी होईल का? देखभाल सोपी व्हावी असं वाटणं हा स्वार्थ नाही. चोवीस तास तिला सांभाळणारे तुम्हीच आहात, आणि तुमची पाठ, तुमची झोप टिकली तरच तिचंही नीट होणार आहे.

१६. बाळाची अन्ननलिका जन्मतः जोडलेली नव्हती, पहिल्या आठवड्यात जोडली. आता रिफ्लक्स आहे.

अशा बऱ्याच मुलांना रिफ्लक्स होतो. त्यांची अन्ननलिका अन्न खाली ढकलण्यात कायमच थोडी दुबळी असते. घट्ट वेढा घातला तर अन्न वरच अडकतं, म्हणून अर्धवट वेढ्याचा विचार होतो. जोडाच्या जागी वारंवार अरुंद होत असेल तर त्यामागे आम्ल असू शकतं, आणि तेव्हा ऑपरेशनचं पारडं जड होतं. या मुलांना मोठेपणीही अधूनमधून एंडोस्कोपी लागते. शक्य असेल तर जिथे पहिलं ऑपरेशन झालं तिथलेच कागद आणि तिथलेच सर्जन गाठा.

१७. उलटी नाहीच, फक्त खोकला आणि सारखा न्यूमोनिया. तरी रिफ्लक्स?

असू शकतो, आणि नसूही शकतो. दूध फुप्फुसात दोन वाटांनी जातं : जठरातून वर येऊन, किंवा गिळतानाच चुकीच्या नळीत शिरून. दुसऱ्या प्रकारात वेढ्याचा काही उपयोग नाही. पाजताना ठसका लागतो का, डोळ्यांत पाणी येतं का, पातळ द्रवाला जास्त आणि घट्ट पदार्थाला कमी असा फरक आहे का, हे वहीत नोंदवा. गिळण्याची एक्स-रे चित्रफीत काढून हे तपासता येतं. दमा, क्षयरोग, श्वासात अडकलेला दाणा, प्रतिकारशक्तीचे आजार हेही आधी पाहिलेले असावेत. "हे सगळं वगळलंय का?" एवढंच विचारा.

१८. मूल सारखं ओकाऱ्या काढतं, पण फार काही बाहेर पडत नाही. यालाही हेच ऑपरेशन?

इथे फार जपून. रिफ्लक्समध्ये अन्न विनासायास वर येतं. ओकारी ही मेंदूकडून आलेली उबळ असते, तिच्यात घाम येतो, लाळ सुटते, चेहरा पांढराफटक पडतो. अशी उबळ आधीपासून असलेल्या मुलात वेढा घातला तर ओकाऱ्या थांबत नाहीत, उलट वेढाच उसवू शकतो. सर्जनना व्हिडिओ दाखवून विचारा की हे वर येणं आहे की उबळ.

१९. सर्दी झाली तर? उपाशी किती ठेवायचं?

ताप, छातीत घरघर, पिवळा कफ असेल तर भूलतज्ज्ञ बहुधा काही आठवडे पुढे ढकलतात. राग आला तरी ते मुलाच्या भल्याचंच आहे. नुसतं नाक वाहत असेल तर तपासून ठरवतात, म्हणून आदल्या दिवशीच फोन करा.

उपाशी राहण्याचा सर्वसाधारण नियम असा : जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. रिफ्लक्स असलेल्या किंवा जठर हळू रिकामं होणाऱ्या मुलासाठी भूलतज्ज्ञ वेगळं सांगू शकतात, त्यांचंच ऐका. आदल्या रात्रीपासून कोरडं उपाशी ठेवण्याची गरज नसते. आकडीची आणि आम्लाची औषधं सकाळी द्यायची का, हे मात्र नक्की विचारा.

२०. बालरोगतज्ज्ञ म्हणतात थांबा, सर्जन म्हणतात करा. कोणाचं ऐकायचं?

दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. फोन नंबर द्या, किंवा एकाचं म्हणणं लेखी घेऊन दुसऱ्याला दाखवा. मतभेद बहुतेक वेळा एखाद्या तपासणीवर किंवा औषधाच्या प्रयत्नावर असतो (प्रश्न ५ आणि ६). तिसरं मत घेणार असाल तर लहान मुलांच्या सर्जरीत एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही पदवी घेतलेले सर्जन आणि लहान मुलांचा पोटविकारतज्ज्ञ असे दोघेही असलेल्या केंद्रात घ्या. मूल स्थिर असेल तर दोन-तीन आठवड्यांनी बिघडत नाही. वारंवार श्वास अडकत असेल किंवा निळं पडत असेल तर मात्र मतांमागे फिरत बसू नका.

२१. खर्च आणि योजना?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या मुलाचं नेमकं ऑपरेशन त्या हॉस्पिटलात योजनेत बसतं का, हे ॲडमिट होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, आणि मुलाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं आहे ना ते आजच पाहा. जन्मजात दोष असलेल्या मुलांना अंगणवाडी आणि शाळेतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली पुढे पाठवता येतं. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा. बजेट करताना नंतरच्या भेटी, नळीचं सामान आणि बुडालेली मजुरी धरायला विसरू नका.

२२. मूल सहा वर्षांचं आहे. त्याला सांगायचं का?

हो, दोन-तीन दिवस आधी, खरं आणि थोडक्यात. झोपेचं औषध देतील, तुला काही कळणार नाही, उठल्यावर पोट दुखेल आणि त्याचंही औषध मिळेल, आई किंवा बाबा जवळ असतील. "काही करणार नाहीत" असं सांगून आत पाठवू नका. भूल देईपर्यंत एकजण सोबत राहू शकतो का, हे विचारून ठेवा.

२३. एकदा ऑपरेशन झालंय, रिफ्लक्स परत आला. पुन्हा करायचं?

पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोंद मिळवा. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी पुरत नाहीत, ऑपरेशन नोट मागा. कोणता वेढा घातला, भोक आवळलं का, आत काय सापडलं हे त्यात असतं. बेरियम पुन्हा करून वेढा उसवला, सरकला की जागेवरच आहे ते पाहतात. जागेवर असेल आणि त्रास तसाच असेल, तर प्रश्न ३, १७ आणि १८ वर परत या, कारण तेव्हा त्रासाचं मूळ दुसरीकडे असण्याची शक्यता वाढते. दुसरं ऑपरेशन चिकटलेल्या भागांतून करावं लागतं, ते पहिल्यापेक्षा अवघड असतं, म्हणून अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा. तोपर्यंत मूल आतड्यातल्या नळीवर पोसता येईल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.